डोकं वर, पाय खाली

बाळाचं डोकं बरगड्यांखाली होतं. मी पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. हाताला लागत होतं ते गोल, टणक आणि बोटांनी हळूच ढकललं की एकटंच हलणारं. म्हणजे डोकंच. खाली ओटीपोटाशी मऊ आणि बेढब असं काहीतरी लागत होतं. ते बाळाचं बूड. लाकडी नळी पोटावर टेकवून कान लावला, तर बाळाचे ठोकेही बेंबीच्या वरच ऐकू आले.

टेबलावर महानंदा होती. एकोणीस-वीस वर्षांची पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला. सासर अक्कलकोटच्या बाजूला खेड्यात, माहेर सोलापुरात गिरणीकामगारांच्या चाळीत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आईकडे आलेली होती. आई काशीबाई पायांशी उभी राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी सांगितलं, की डोकं वर आहे आणि पाय खाली, पण अजून वेळ आहे, बाळ आपणहून फिरेल.

काशीबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हंजे पायाळू?"

सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या प्रसूतिगृहात मी तेव्हा नोकरी करत होते. मी मूळची साताऱ्याची. डॉक्टरकीची डिग्री घेऊन दोनेक वर्षं झाली होती. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. हॉस्पिटलला पाणी टँकरनं यायचं आणि आम्ही हात धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत साठवून फरशी पुसायला वापरायचो. सोनोग्राफी नावाचं काही असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. पोटातलं बाळ कसं आहे ते हातानं बघायचं आणि कानानं ऐकायचं.

सातव्या महिन्यापर्यंत बाळ पोटातल्या पाण्यात मनमोकळं फिरत असतं. आज डोकं वर, उद्या आडवं, परवा खाली. मग ते वाढतं, जागा कमी पडायला लागते आणि बहुतेक बाळं आठव्या महिन्यात डोकं खाली करून स्थिरावतात. काही मात्र बसल्यासारखी वरच डोकं ठेवून राहतात. त्याला आम्ही ब्रीच म्हणतो. लोक पायाळू म्हणतात.

यात अडचण काय, तर डोकं हा बाळाचा सगळ्यात मोठा भाग. ते आधी आलं, तर वाट पुरेशी आहे की नाही याचा अंदाज सावकाश घेता येतो. नाहीच पुरली, तर ऑपरेशन करायला वेळ असतो. पाय आधी आले, अंग आलं आणि शेवटी डोकं अडकलं, तर हातात फार थोडा वेळ उरतो. महानंदा चणीनं लहान होती. तिची वाट अरुंदच वाटत होती.

तरी आठव्या महिन्याच्या सुरुवातीला घाबरायचं कारण नव्हतं. मी तिला पंधरा दिवसांनी यायला सांगितलं आणि पुढचे दोन महिने काय काय होईल ते बाहेरच्या बाकावरच्या सगळ्याच बायकांना ऐकवलं. माझं ते रोजचं भाषण असायचं. छातीत जळजळेल, एकदम पोटभर जेवू नका, थोडं थोडं खा. सारखी लघवीला लागेल, म्हणून पाणी कमी करू नका. संध्याकाळी पावलं थोडी सुजतील, पण सकाळी उठल्यावर तोंड आणि हात सुजलेले दिसले, डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी इथं या. अंगावर लाल दिसलं किंवा पाणी गेलं, तर जेवत असाल तरी ताट ठेवून या. बाळाचं हलणं कमी वाटलं तरी या. बाळ मोठं होऊन अडेल या भीतीनं उपाशी राहू नका. या शेवटच्या मुद्द्यावर बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. कारण घरोघरी सासवा नेमकं तेच सांगत असायच्या.

पंधरा दिवसांनी महानंदा आली. डोकं वरच.

आता मात्र काहीतरी करायला हवं होतं. पोटावर बाहेरून हात ठेवून बाळाला हळूहळू कोलांटी घालायला लावता येते. आम्ही त्याला व्हर्जन म्हणतो. कापाकापी नाही, भूल नाही. पण जपून करावं लागतं. नाळ ओढली जाऊ शकते, वार वेळेआधीच सुटू शकते. म्हणून ऑपरेशन थिएटर तयार ठेवूनच करायचं. मी काशीबाईंना हे समजावलं, दिवस ठरवला आणि घरच्यांना कळवायला सांगितलं.

तो निरोप महानंदाच्या सासरी पोचला आणि ठरलेल्या दिवशी सकाळी तिचे सासरे बाकावर हजर होते. शिवप्पा त्यांचं नाव, सगळे आप्पा म्हणायचे. पांढरा पटका, कपाळावर विभूतीचे पट्टे, उन्हानं रापलेला चेहरा आणि मांडीवर शेंगांची पिशवी. दुष्काळात शेंगा म्हणजे चैनच. ती पिशवी त्यांनी आमच्या शांता सिस्टरच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळले. मला वाटलं, घाबरलेले असतील. ते तर खुशीत होते.

"बाई, बाळ पायाळू हाय म्हणं. लई ब्येस झालं. आता त्येला काय बी करू नगा."

मग त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्या रानातली विहीर आटली होती. दोनदा खोल केली, दोन्ही वेळा खाली काळा पाषाण. शेजारच्या गावात एक पायाळू म्हातारा होता. तो रानातून अनवाणी चालायचा आणि जिथं त्याच्या तळपायाला गार लागेल, तिथं लोक खणायचे. आदल्या वर्षी तो वारला. आता आसपासच्या पाच-सहा गावांत एकही पायाळू माणूस उरला नव्हता. आणि अशा वेळी देवानं त्यांच्याच घरात पायाळू पाठवला होता. बाळ मोठं होऊन चालायला लागायला वेळ लागेल हे त्यांना मान्य होतं. तोवर ते थांबायला तयार होते.

मी त्यांना धोका सांगितला. माझ्याकडे कापडी बाहुली आणि ओटीपोटाच्या हाडांचा एक सांगाडा होता, नर्सेसना शिकवायचा. त्यातून बाहुली पायांकडून काढून दाखवली, डोकं कसं अडतं ते दाखवलं. आप्पांनी नीट पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, की समदं नीट झालं तर? मी म्हटलं, नीट होऊही शकतं, खात्री नाही. ते म्हणाले, विहीर खणतानाही खात्री नसते, तरी माणूस खणतोच की.

"आप्पा, विहिरीला पाणी लागलं नाही, तर दुसरी खणता येते," मी म्हटलं.

त्यांनी बाहुली उचलून माझ्या हातात परत दिली. पण उठले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, तुमच्या मोठ्या डाक्टरला बोलवा.

आमच्या मोठ्या बाई म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुख. पन्नाशी उलटलेली, काटक बांधा, आवाज असा की वॉर्डात शिरल्या की नातेवाईक आपोआप उभे राहायचे. त्यांनी मला काय झालं ते विचारलं, ऐकलं, आणि सरळ बाहेर जाऊन बाकावर आप्पांच्या शेजारी बसल्या.

"आप्पा, मी स्वतः पायाळू आहे," त्या म्हणाल्या.

हे मलाही नवीन होतं. आप्पा उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मोठ्या बाईंनी त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं, की त्यांचा जन्म माढ्याचा. आईला फार त्रास झाला. आई वाचली, पण पुढं तिला नीट बसता-उठता आलं नाही आणि दुसरं मूल झालं नाही. लहानपणी त्यांना आईनं कधी कडेवर घेतल्याचं आठवत नव्हतं. आणि पाण्याचं म्हणाल, तर त्यांना आजवर एक थेंब सापडलेला नव्हता. "मला घरात माझा चष्मा सापडत नाही, आप्पा. जमिनीखालचं काय सापडणार?"

आईची गोष्ट ऐकताना आप्पांनी मान खाली घातली होती. चष्म्याचं मात्र त्यांना पटलं नाही. ते म्हणाले, तुमचं सगळं आयुष्य शहरात गेलं, शहरात नळ. "इद्या वापरली न्हाय की जाती." आणि मग जरा संकोचून त्यांनी एक विनंती केली. त्यांच्या कमरेत उसण भरली होती. दुष्काळी कामावर खडी फोडून फोडून. पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते हे आमच्याकडे सगळेच मानतात. बाईंनी तेवढे उपकार करावेत.

मोठ्या बाईंनी कॉरिडॉरमध्ये इकडे तिकडे पाहिलं. मग साडीचा काठ जरा उचलून धरला आणि पाठमोऱ्या उभ्या राहिलेल्या आप्पांच्या कमरेला पावलानं हलकेच धक्का दिला. आप्पा दोन वेळा वाकले, सरळ झाले आणि म्हणाले, गेली.

आत आल्यावर मी मोठ्या बाईंकडे बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "असं काय बघता? फुकटातलं औषध आहे. देऊन टाकावं."

पण याचा परिणाम आम्हाला हवा होता त्याच्या उलटा झाला. कंबर मोकळी झाली म्हटल्यावर पायाळू माणसावरचा आप्पांचा विश्वास आणखी पक्का झाला. ते बाकावर परत बसले ते मांडी घालूनच.

थिएटर तयार होतं. मी सगळ्यांना बाहेर ठेवलं आणि महानंदाला एकटीला आत घेतलं. मला वाटत होतं, ती सासऱ्यांना घाबरून गप्प आहे, एकदा तिनं हो म्हटलं की झालं. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं? बाळ फिरवू या ना?

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, नको.

मी पुन्हा धोका सांगितला. तिनं मान हलवली, सगळं कळलं होतं. आईच्या शेजारची एक बाई अशीच गेल्याचंही तिला माहीत होतं. मग नको का?

"पोरगी झाली तर?" ती म्हणाली. "थोरल्या जावंला दोन पोरी हायत. दुसरीच्या बारशाला कुनीच आलं न्हाय, बाई. मामाबी न्हाय आले. माजी पोरगी पायाळू आसली तर तिला समदे धरून ऱ्हातील की. पायाळू पोरीला कोन नगो म्हनंल?"

कॉलेजात आम्हाला ब्रीच शिकवताना कारणं, प्रकार, उपाय सगळं शिकवलं होतं. यावर काय बोलायचं ते शिकवलं नव्हतं. मी स्टुल ओढून तिच्याजवळ बसले. तिला म्हटलं, तुझ्या पोरीला मान मिळायला हवा हे खरं. पण तो बघायला पोरीबरोबर तूही असायला हवीस. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, सासऱ्यांशी, तुझ्या मामांशी, मी बोलू का? तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, न्हाय, मीच बोलती.

टेबलावरून उतरायला तिला हात द्यावा लागला. पदर डोक्यावर घेऊन, एक हात कमरेवर ठेवून ती बाहेर गेली आणि सासऱ्यांपासून थोडं अंतर ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. त्या काळी सासऱ्यांसमोर सून एवढं जाऊन उभी राहणं हेच मोठं होतं. दोघं कानडीत बोलले. मला कानडी येत नव्हतं. महानंदा जमिनीकडे बघत मोजकंच बोलली. आप्पांनी काहीतरी विचारलं. तिनं एका वाक्यात उत्तर दिलं. काशीबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

शांता सिस्टर दक्षिणेकडच्याच, त्यांना कानडी यायचं. त्यांनी मला हळूच सांगितलं. महानंदानं विचारलं होतं, पोरगी झाली आणि ती सरळ डोक्यानं आली, तर तुम्ही बारशाला येणार का? आप्पांनी विचारलं, असं का इचारतीस? ती म्हणाली, थोरल्या जावंच्या दुसरीला आला न्हवता म्हणून.

आप्पा उठले. मला वाटलं निघाले. ते माझ्या दारापाशी आले आणि त्यांनी पटका काढून काखेत धरला.

"फिरवा, बाई," ते म्हणाले. "पानी काय, आज न्हाय उद्या लागंल."

व्हर्जन करताना बाईनं लघवी करून यायचं, पोट सैल सोडायचं. खाटेची पायाकडची बाजू विटा लावून उंच करायची, म्हणजे बाळाचं बूड ओटीपोटातून जरा वर सरकतं. पोटाला पावडर लावायची. मग एका हातानं बूड वर ढकलायचं आणि दुसऱ्या हातानं डोकं बाळाच्या हनुवटीच्या दिशेनं खाली आणायचं. जोर करायचा नाही. बाळ स्वतः गिरकी घेतंय आणि आपण फक्त सोबत आहोत, इतपतच.

मोठ्या बाई शेजारी उभ्या होत्या, पण हात माझेच. मी सुरुवात केली. बूड जागचं हललं, डोकं थोडं बाजूला आलं आणि तेवढ्यात महानंदाचं पोट दगडासारखं घट्ट झालं. मी थांबले. पोट सैल झाल्यावर पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मोठ्या बाई म्हणाल्या, आज पुरे. मी म्हटलं, अजून एकदा बघते. त्यांनी माझा हात उचलून बाजूला ठेवला. "पोट नाही म्हणतंय. ऐकायचं."

मी खट्टू झाले. बाहेर आप्पा कधी नव्हे ते चिंतेत दिसले. सकाळी फिरवू नका म्हणणारा माणूस आता विचारत होता, फिरलं का? न्हाय का फिरलं? मग उद्या फिरंल का? त्यांना गावी परत जायचं होतं, तरी ते चार दिवस व्याह्यांच्या चाळीतच राहिले.

चार दिवसांनी महानंदा पुन्हा टेबलावर आली. या वेळी ती तेवढी ताठरली नव्हती. शांता सिस्टर उशाशी उभ्या राहून तिच्याशी कानडीत काहीतरी गप्पा मारत होत्या, बहुतेक आप्पांनी चाळीत घातलेल्या गोंधळाच्या, कारण ती मधेच हसली. हसताना पोट सैल पडलं आणि माझ्या हाताखाली बाळाचं बूड वर सरकलं. मी डोकं खाली आणलं. ते आडवं झालं, क्षणभर तिथंच अडलं आणि मग एखादी मोठी मासोळी पाण्यात वळावी तसं सगळं बाळ माझ्या हातांखालून वळलं. तो स्पर्श मला अजून आठवतो. पुढं शेकडो वेळा अनुभवला, पण पहिला तो पहिलाच.

मी घाईनं नळी लावली. ठोके आता बेंबीच्या खाली येत होते. पण ते मंद होते. जितके हवेत त्यापेक्षा फारच मंद. मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी महानंदाला डाव्या कुशीवर वळवलं, स्वतः नळी घेतली आणि वाकून ऐकत राहिल्या. थिएटरच्या दारात भूल देणारे डॉक्टर येऊन उभे राहिले. महानंदानं विचारलं, काय झालं? मोठ्या बाई म्हणाल्या, काही नाही, तुझं बाळ दमलंय. मग त्यांनी मला खूण केली आणि नळी माझ्या कानाला लावली. ठोके वाढत होते. टक टक, टक टक, आणि थोड्याच वेळात नेहमीसारखे, पळत्या घोड्याच्या टापांसारखे.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. मोठ्या बाई म्हणाल्या, आता चहा घ्या आणि केसपेपर लिहा.

बाळाच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवून आम्ही पोटाला पट्टा बांधला. कारण फिरलेलं बाळ परत फिरू शकतं. आप्पांना हे कळल्यावर त्यांनी गावी जाण्याआधी काशीबाईंना दहा वेळा बजावलं, पट्टा सोडू नका. आणि दर आठवड्याला तपासणीच्या दिवशी ते एसटीनं सोलापुरात यायला लागले. बाकावर बसून बाकीच्या बायकांच्या नातेवाइकांना ते समजावून सांगायचे, की बाळाचं डोकं कसं ओळखायचं. माझं भाषणही त्यांना पाठ झालं होतं. एकदा मी पाऊल सुजण्याबद्दल सांगायला विसरले, तर त्यांनी मागून आठवण करून दिली.

बाळ परत फिरलं नाही. नवव्या महिन्याच्या मध्यावर पोट खाली उतरलं, म्हणजे डोकं ओटीपोटात बसलं. महानंदाचा श्वास मोकळा झाला, जेवण जायला लागलं, पण चालताना जांघेत कळ यायची. हे सगळं व्हायलाच हवं असं होतं.

मग एका सकाळी हॉस्पिटलच्या फाटकात टांगा थांबला आणि त्यातून महानंदा, काशीबाई, महानंदाचा नवरा, आप्पा आणि चाळीतल्या दोन बायका उतरल्या. कळा सुरू झाल्या होत्या. तपासलं. पोट मधूनच घट्ट होत होतं, पण कधी लवकर, कधी उशिरा, आणि ती थोडी चालली की थांबत होतं. गर्भपिशवीचं तोंड बंद होतं. मी सांगितलं, या खोट्या कळा. खऱ्या कळा ठरावीक वेळानं येतात, जवळ जवळ येतात, पाठीतून पुढं येतात आणि चाललं म्हणून थांबत नाहीत. घरी जा. सगळे परत टांग्यात बसले. आप्पा मात्र जाताना मला म्हणाले, की खोट्या कळांनाच एवढा त्रास, तर खऱ्या कशा असतील, हे त्यांच्या बायकोनं त्यांना कधी सांगितलंच नाही. त्यांनी कधी विचारलं होतं का, असं मी म्हटलं. ते टांग्यात चढून बसले.

आठवड्याभरात खऱ्या कळा आल्या. सकाळी ओपीडीच्या वेळेलाच ती दाखल झाली आणि दुपारी, वॉर्डात जेवणाची ताटं वाटत असताना, महानंदा मोकळी झाली. डोकं आधी. वाट अरुंद होती खरी, डोक्यालाही वेळ लागला, पण तो वेळ आमच्याकडे होता. वाट मोठी करायला मी छोटा छेद घेतला, महानंदानं शांता सिस्टरचा हात आवळून धरला आणि बाळ ओरडतच बाहेर आलं.

मुलगी. वजनानं बेताची, आवाजानं भक्कम.

शांता सिस्टर तिला पुसून, गुंडाळून बाहेर घेऊन गेल्या. मी हात धुऊन मागोमाग गेले, कारण मला आप्पांचा चेहरा बघायचा होता. त्यांनी आधी महानंदा कशी आहे ते विचारलं. मग बाळाला हातात घेतलं, दुपटं सोडलं आणि तिचे तळपाय बघितले. अंगठ्यानं चोळून बघितले.

"गार हायत की," ते म्हणाले.

मी सांगितलं, सगळ्याच बाळांचे असतात. ते हो म्हणाले आणि पुन्हा चोळायला लागले.

बारशाला ते आले. नुसते आले नाहीत, गावाकडून गाडी भरून माणसं आणली, थोरल्या सुनेला आणि तिच्या दोन्ही पोरींना सोबत घेऊन. चाळीत जागा पुरेना, म्हणून लोक जिन्यात बसले. मला आणि मोठ्या बाईंना बोलावणं होतं. मोठ्या बाईंच्या भोवती उसण भरलेल्या माणसांची एवढी गर्दी झाली, की त्यांना घुगऱ्यासुद्धा उभ्यानंच खाव्या लागल्या. आप्पा प्रत्येकाला नात दाखवत होते आणि सांगत होते, की पोरगी मूळची पायाळूच, आठवा महिना सरेपर्यंत पायांवर बसली होती, डाक्टरीणबाईनं उगीच फिरवली. महानंदा पाळण्याशेजारी बसून ऐकत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदराआड हसली. मी घुगऱ्या खात राहिले.

पुढच्या उन्हाळ्यानंतर आप्पा एकदा भेटायला आले. त्यांनी नवी विहीर खणली होती आणि पाणी लागलं होतं. नातीनं जागा दाखवली म्हणाले. कशी दाखवली? त्यांनी तिला रानात मोकळी सोडली, ती रांगत रांगत गेली आणि जिथं तिनं लघवी केली, तिथं कुदळ मारली. मी विचारलं, ही जागा नेमकी कुठं आहे? ओढ्याच्या काठाला, ते म्हणाले. पाणी जरा मचूळ होतं, पण बारमाही टिकेल असं वाटत होतं.

नंतरच्या काळात मी नर्सेसना आणि शिकाऊ डॉक्टरांना शिकवलं. शेवटच्या दोन महिन्यांत काय काय तपासायचं, असं विचारलं की ते धडाधडा सांगतात. बीपी, वजन, लघवी, पायांवरची सूज, बाळाचं डोकं कुठं आहे, ठोके कसे आहेत. सगळं बरोबर असतं. मी त्यात एकच भर घालते. बाईला एकटीला बसवून तिला नेमकी कशाची काळजी वाटते ते विचारा. त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. तेवढा वेळ सासऱ्यांना चहा प्यायला पाठवावं लागतं, इतकंच.